रविवारची डेडलाइन शनिवारी रात्री: ऑनलाइन टेक्निकल रायटिंग कोर्सचे 12 आठवडे मी कसे सांभाळले

भोसरीत आमची सुट्टी गुरुवारी असते. एमआयडीसीतल्या बहुतेक कंपन्या त्या दिवशी बंद असतात आणि दुरुस्तीसाठी वीजही बऱ्याचदा त्याच दिवशी जाते. मी एका कंपनीत क्वालिटीला आहे. वर्क इन्स्ट्रक्शन, तपासणीचे तक्ते, ऑडिटची कागदपत्रं यातच माझा निम्मा दिवस जातो. हेच काम नीट शिकून घ्यावं, जमलं तर पुढची नोकरी त्यातच बघावी, असं बरेच दिवस मनात होतं. म्हणून 2025च्या ऑगस्टमध्ये परदेशातल्या एका संस्थेच्या 12 आठवड्यांच्या ऑनलाइन टेक्निकल रायटिंग कोर्सला नाव घातलं. दर सोमवारी नवी असाइनमेंट, रविवारी रात्री 11:59ला ती जमा. शिवाय दर बुधवारपर्यंत दोन सहाध्यायांच्या कामावर लेखी अभिप्राय द्यायचा. नोकरी साडेआठ ते साडेपाच. घरी नवरा, सातवीतली मुलगी आणि सासरे. सासऱ्यांना आम्ही अण्णा म्हणतो. ते फिटर म्हणून रिटायर झाले. त्यांचं नाव पुढे बऱ्याचदा येईल, कारण हा कोर्स त्यांच्याशिवाय मला झेपला नसता.

बारापैकी अकरा असाइनमेंट वेळेत गेल्या, त्यांतली एक मागून घेतलेल्या मुदतीत. राहिलेली एक का हुकली तेही सांगते.

ऑफिसमधल्या दोघी यंदा असाच कोर्स करणार आहेत. त्यांनी विचारलं, "रोज किती तास बसायचीस?" तासांचा हिशेब पुढे दिलाच आहे, पण माझं खरं म्हणणं तासांबद्दल नाही. या विषयात डेडलाइन हुकते ती लिहिणं उरकलं नाही म्हणून क्वचितच. दुसऱ्या कुणाकडून तरी काहीतरी हवं असतं, उत्तर, फोटो, चाचणी, आणि ते आपण शुक्रवारी मागतो. तोवर तो माणूस गावाला गेलेला असतो. म्हणून आठवड्याची आखणी करताना आधी हे शोधायचं की या कामात आपलं कुणावाचून अडणार आहे. लिहिणं त्याच्यामागून.

पहिल्याच दिवशी बाराही आठवडे कागदावर

कोर्स सुरू झाला की सगळे पहिला व्हिडिओ लावतात. तो संध्याकाळी बघा. आधी अभ्यासक्रमाचं पान उघडा. प्रत्येक असाइनमेंटची सविस्तर सूचना त्या त्या सोमवारीच दिसते हे खरं, पण विषय आणि तारीख पहिल्या दिवसापासून तिथे लिहिलेली असते. मी एका वहीच्या पानावर बारा ओळी काढल्या. प्रत्येक ओळीत काय जमा करायचं, कुठल्या स्वरूपात (वर्ड, पीडीएफ, एचटीएमएलची झिप, गिटहब या फाइली ठेवायच्या साइटवरची लिंक), गुण किती, आणि शेवटी 'कोण लागेल' असा एक रकाना. तो रकाना मी लाल पेनाने भरला. चौथ्या आठवड्यात घरातल्या एखाद्या उपकरणाची कार्यपद्धती लिहून ती दुसऱ्याकडून करून बघायची होती, म्हणून तिथे अण्णा. नवव्या आठवड्यात विषयतज्ज्ञाची मुलाखत होती, तिथे टूलरूममधले एक सीनियर दादा. दहाव्यात एपीआयची (दोन सॉफ्टवेअर एकमेकांशी बोलतात त्या सोयीची) माहिती लिहायची होती, तिथे माझा मावसभाऊ, जो सॉफ्टवेअरमध्ये आहे.

मग स्वयंपाकघरातलं कालनिर्णय काढलं आणि त्याच्यावर पेन्सिलीने डेडलाइन लिहिल्या. मोबाइलच्या कॅलेंडरमध्येही लिहिल्या, पण मोबाइलमध्ये घरातलं इतर कुणी डोकावत नाही. भिंतीवरची तारीख सगळ्यांना दिसते. आणि तिथेच लक्षात आलं की चौथा आठवडा म्हणजे 25 ते 31 ऑगस्ट: बुधवारी 27ला गणेश चतुर्थी, आणि रविवारी 31ला, ऐन डेडलाइनच्या दिवशी, गौरी येणार. पाचव्या आठवड्यात सोमवारी गौरीपूजन, मंगळवारी विसर्जन. नववा आठवडा खंडेनवमी आणि दसऱ्याचा. शेवटचा, बारावा, अख्खा दिवाळीचा: सोमवारी नरक चतुर्दशी, मंगळवारी लक्ष्मीपूजन, गुरुवारी भाऊबीज. परदेशातल्या संस्थेच्या वेळापत्रकात यातलं काहीच नसतं. ते आपणच बघायचं, आणि तेही 4 ऑगस्टला, म्हणजे हाताशी आठवडे असताना.

सणाच्या आठवड्यातलं काम मी मागच्या गुरुवारी ओढून घेतलं. सूचना उघडलेली नसली तरी विषय माहीत असतो. फोटो काढून ठेवता येतात, माणसाला भेटून ठेवता येतं. 21 ऑगस्टला माझ्या चौथ्या आठवड्याच्या कामाचे फोटो तयार होते.

डेडलाइन कुणाच्या घड्याळाची?

आमच्या पोर्टलवरची वेळ लंडनची होती. उन्हाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, म्हणजे तिथले रविवारी रात्रीचे 11:59 म्हणजे आपले सोमवारी पहाटेचे 4:29. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथलं घड्याळ एक तास मागे जातं. 2025मध्ये तो रविवार नेमका 26 ऑक्टोबरला, आमच्या शेवटच्या डेडलाइनच्या दिवशी आला, म्हणून त्या एकाच असाइनमेंटला पहाटेचे 5:29. कोर्स न्यूयॉर्कच्या वेळेवर असेल तर उन्हाळ्यात सोमवारी सकाळी 9:29 आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथलं घड्याळ बदललं की 10:29. हे सगळं एकदा नीट काढून वहीत लिहा आणि मग विसरून जा. पहाटेचे ते साडेचार तास वापरायचेच नाहीत. तिसऱ्या आठवड्यात मी ते वापरले.

झालं असं. काम होतं एका वेबसाइटवर नोंदणी कशी करायची ते स्क्रीनशॉटसह लिहायचं आणि एचटीएमएल पानाची झिप करून चढवायची. रविवारी पाहुणे होते. मी रात्री 11ला बसले, 1ला अपलोड केलं आणि झोपले. माझ्या लॅपटॉपवर सगळी चित्रं दिसत होती. सकाळी ट्यूटरांचा शेरा: एकही चित्र दिसत नाही. चित्रांच्या फाइलींची नावं मी मोठ्या (कॅपिटल) अक्षरांत दिली होती आणि पानात ती लहान अक्षरांत लिहिली होती. विंडोजला दोन्ही सारखंच, ते चित्र शोधून दाखवतं. पोर्टलचा सर्व्हर लिनक्सवर, आणि तिथे लहान आणि मोठं अक्षर म्हणजे दोन वेगळ्या फाइली. दुरुस्ती दोन मिनिटांची होती, पण डेडलाइन गेली होती. उशिराच्या प्रत्येक दिवसाला 10 टक्के कापायचा त्यांचा नियम, तेवढे गुण गेले. शनिवारी रात्री चढवलं असतं तर रविवारचा अख्खा दिवस हातात होता.

तेव्हापासून माझी डेडलाइन शनिवारी रात्री 10. फाइलींची नावंही एकाच पद्धतीने, सगळी लहान अक्षरांत, मध्ये रिकामी जागा नाही, पुढे आठवडा आणि मागे आवृत्ती. 'फायनल' हा शब्द फाइलच्या नावात टाकायचा नाही, कारण त्यानंतर 'फायनल 2' येतंच.

सोमवारची 30 मिनिटं

आठवड्यातली सर्वांत मोलाची वेळ मला विचाराल तर ही. सोमवारी रात्री जेवणं झाली की सूचनेची प्रिंट काढून पेन घेऊन वाचायची. एक अक्षरही लिहायचं नाही. सूचनेसोबत गुणांचा तक्ता असतो, त्याला रुब्रिक म्हणतात. तो सूचनेच्या आधी वाचा. चौथ्या आठवड्याचा तक्ता असा होता: वाचक कोण हे ओळखणं 15, रचना 25, धोक्याच्या सूचना 20, भाषा 20, चाचणीचा अहवाल 20. भाषेला 20 आणि चाचणीला 20! पण आपण सगळा वेळ इंग्रजी घासूनपुसून घेण्यात घालवतो आणि चाचणीचा अहवाल शनिवारी रात्री मनाने लिहून टाकतो. सहाध्यायांची कामं तपासताना मला असे अहवाल लगेच ओळखू यायला लागले. त्यांत कुणीच कुठे अडखळलेलं नसतं.

वाचून झालं की तीन गोष्टी लिहायच्या: मला काय माहीत नाही, ते कोण सांगेल, आणि त्याला कधी वेळ आहे. आणि निरोप त्याच रात्री पाठवायचा. मंगळवारी नाही. "जरा माहिती हवी होती" असा निरोप पाठवला की समोरचा "हो, बघू" म्हणतो. मी टूलरूमच्या दादांना लिहिलं होतं: "दादा, कोर्ससाठी पंधरा मिनिटं हवी आहेत, मशीनपाशीच. बुधवारी जेवणाच्या सुट्टीनंतर चालेल का? तीन प्रश्न आहेत, खाली लिहिलेत." लगेच "या" आलं.

ते मी नवव्या आठवड्यात नाही, त्याच्या आधीच्या सोमवारी, 22 सप्टेंबरला पाठवलं होतं. नवव्या आठवड्यात बुधवारी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी मशीन पुसून, हळदीकुंकू वाहून, झेंडूची माळ घालून पूजा होते आणि आदले दोन दिवस टूलरूममध्ये साफसफाई चाललेली असते. त्या गडबडीत कुणाला उभं करून प्रश्न विचारणं मला बरं वाटलं नसतं. 24 तारखेला त्यांच्याशी बोलणं झालं. तीन प्रश्नांपैकी दोन साधे होते. तिसरा मी आता प्रत्येक मुलाखतीत विचारते: "नवीन पोरगं हे करताना हमखास कुठे चुकतं?" दादांनी पाना खाली ठेवला आणि पुढची दहा मिनिटं तेवढ्यावरच बोलले. माझ्या त्या असाइनमेंटचा निम्मा भाग त्या उत्तरातून आला.

मंगळवार-बुधवार

हे दिवस सहाध्यायांच्या कामांचे. अभिप्रायाची डेडलाइन वेगळी असते आणि ती मागच्या आठवड्याच्या कामाची असते, म्हणून डोक्यातून निसटते. आमच्याकडे अभिप्राय दिला नाही तर आपल्याच गुणांतून 10 जायचे. एका कामाला 35 ते 40 मिनिटं पुरतात. मंगळवारी एक, बुधवारी एक. "छान लिहिलंय" लिहून मोकळं होऊ नका. कुठल्या पायरीवर तुम्ही अडलात ते पायरीच्या क्रमांकासह लिहा.

गुरुवार, वीज असो वा नसो

बुधवारी रात्री लॅपटॉप आणि मोबाइल पूर्ण चार्ज, सूचनेची प्रिंट टेबलावर. सकाळी वीज गेली की मला उलट बरं वाटायचं, कारण तेवढ्या वेळात स्क्रीनशिवायची कामं होतात: ती गोष्ट स्वतःच्या हाताने करून बघणं, फोटो काढणं, पायऱ्यांचा आराखडा पेन्सिलीने मांडणं. वीज आली की पहिली प्रत टाइप करायची.

चौथ्या आठवड्यासाठी मी घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर कसं घालायचं हे लिहिलं. दीड पानाचं काम. त्याला लागलेला वेळ मी वहीत मिनिटांत टिपला होता:

सूचना आणि रुब्रिक वाचणं 20
स्वतः करून बघणं आणि फोटो 90
बॅटरीवाल्याला प्रश्न विचारणं 40
पहिली प्रत लिहिणं 110
चाचणी 45
दुरुस्त्या 60
चित्रं, क्रमांक, मांडणी 60
अपलोड आणि तपासणी 35

एकूण 460 मिनिटं, म्हणजे 7 तास 40 मिनिटं. त्यात लिहिणं 110. चौथा हिस्साही नाही. तुम्हीही पहिले तीन आठवडे असा हिशेब ठेवा. मग कुठलीही नवी असाइनमेंट बघून ती किती तासांची आहे हे तुम्हाला बऱ्यापैकी अचूक सांगता येईल, आणि "दीड पान तर आहे, शनिवारी बसू" असं मनात येणार नाही.

शुक्रवारची चाचणी

अण्णा इंग्रजी सावकाश वाचतात, शब्दाखाली बोट ठेवून, आणि आयुष्यभर ड्रॉइंग बघून काम केल्यामुळे जे लिहिलंय तेच करतात, मनाचं काही घालत नाहीत. चाचणीला यापेक्षा चांगला माणूस नाही. गणपतीच्या आठवड्यात शुक्रवार मोकळा मिळणार नव्हता, म्हणून गुरुवारी, 28 तारखेला दुपारी, आम्ही दोघं जिन्याखालच्या बॅटरीपाशी बसलो. इन्व्हर्टर बंद होता, बाटली मुद्दाम रिकामी दिली होती. मी सांगितलं होतं, "अण्णा, कागद वाचायचा आणि तसं करून दाखवायचं. मी काही बोलणार नाही."

चौथी पायरी होती टोपणं उघडा. त्यांनी हात पुढे केला. हातमोजे आणि चष्मा घाला ही सूचना मी पाचव्या पायरीखाली दिली होती. मी त्यांचा हात धरला. ते म्हणाले, "कागदावर अजून आलेलं नाही." अगदी बरोबर. धोक्याची सूचना त्या पायरीच्या आधी यायला हवी हे मी व्हिडिओत ऐकलं होतं, परीक्षेसाठी पाठही केलं होतं, आणि तरी लिहिताना ती खाली गेली. बॅटरीत आम्ल असतं. वाचणारा एकटा असेल तर त्याचा हात धरायला तिथे कुणी नसतं.

मग सातवी पायरी: हिरव्या खुणेपर्यंत पाणी घाला. आमच्या बॅटरीच्या टोपणात फ्लोट असतो, पाणी वाढलं की त्याची कांडी वर येते, तिच्यावर लाल आणि हिरवा पट्टा असतो. अण्णांनी बोट ठेवून दोनदा वाचलं आणि विचारलं, "हिरवं दिसायला लागलं की थांबायचं, का अख्खं हिरवं वर आल्यावर?" मला उत्तर माहीत नव्हतं! मीच लिहिलेल्या वाक्याचं. बॅटरीवाल्याला फोन लावला. संध्याकाळी त्याच्या उत्तराप्रमाणे ती पायरी मी तीन छोट्या पायऱ्यांत मोडली: थोडं पाणी घाला, टोपण बसवा, कांडी पाहा. आणि कुठपर्यंत दिसली की थांबायचं ते चित्रावर बाण काढून दाखवलं. शुक्रवारी रात्री अपलोड केलं आणि रविवारी मनात काही न ठेवता गौरी घरात घेतल्या.

त्या असाइनमेंटच्या चाचणी अहवालाला 20 पैकी 19 मिळाले, कारण अण्णा दोन ठिकाणी अडले हे मी जसंच्या तसं लिहिलं होतं आणि काय बदललं तेही.

चाचणी करताना तोंड बंद ठेवणं फार अवघड जातं. "म्हणजे मला असं म्हणायचं होतं" हे वाक्य ओठावर येतं. आलं की ते वहीत लिहा, कारण तेच वाक्य दस्तऐवजात नसतं. आणि चाचणी शुक्रवारीच हवी. शनिवारी केली तर जे सापडतं ते दुरुस्त करायला जीव होत नाही, माणूस त्यावर पांघरूण घालतो.

नवं सॉफ्टवेअर असलेले आठवडे

आठव्या आठवड्यात डिटा होतं. ही तांत्रिक लेखनाची एक्सएमएलवर (मजकुराला खुणांनी रचना देणाऱ्या भाषेवर) उभी असलेली पद्धत, 2005पासून ओएसिस या प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेचं प्रमाण आहे. संकल्पना, कृती आणि संदर्भ असे माहितीचे वेगवेगळे तुकडे करून लिहायचे आणि मग जोडायचे. लिहायचे तुकडे फक्त चारच होते, पण सॉफ्टवेअर नवं. अशा आठवड्याला नेहमीच्या दुप्पट वेळ धरा. आणि सोमवारीच एक गोष्ट करा: एका ओळीची नमुना फाइल बनवून तिचा पीडीएफ निघतो का ते बघा. निघाला तर बाकीचा आठवडा तुमचा. नाही निघाला तर अजून सहा दिवस आहेत, मदत मागता येते. आमच्या गटातले तिघं शनिवारपर्यंत सुंदर मजकूर लिहीत बसले आणि पीडीएफ निघेना म्हणून रविवारी रडकुंडीला आले.

अशा सॉफ्टवेअरच्या चाचणी आवृत्त्या बहुतेक 30 दिवसांच्या असतात. उत्साहाने पहिल्याच आठवड्यात उतरवून ठेवू नका, आठव्या आठवड्यात ती बंद पडलेली असेल. मुक्त स्रोतातलं डिटा ओपन टूलकिट विनामूल्य आहे, सराव त्यावर करता येतो.

मुदत मागायची वेळ आली तर

दहाव्या आठवड्यात अण्णांना तापाने दवाखान्यात ठेवावं लागलं. बुधवारी रात्री दाखल केलं, गुरुवारी सकाळी मी दवाखान्यातूनच मेल केला. इंग्रजीत होता, मजकूर साधारण असा (एंडपॉइंट म्हणजे एपीआयला विनंती पाठवायचा पत्ता):

"दहाव्या आठवड्याच्या असाइनमेंटसाठी दोन दिवसांची मुदत हवी आहे. सासरे दवाखान्यात आहेत. पाच एंडपॉइंटपैकी तीनची माहिती लिहून झाली आहे, ती सोबत जोडली आहे. उरलेल्या दोनची माहिती आणि उदाहरणं मंगळवार, 14 ऑक्टोबरला भारतीय वेळेनुसार रात्री 9पर्यंत देईन. सहाध्यायांचे अभिप्राय वेळेत दिले आहेत."

दोन तासांत होकार आला. डेडलाइनच्या आधी मागितलं, झालेलं काम दाखवलं, दिवस आणि तास आपणच सांगितला, आणि दुखण्याची कहाणी एका वाक्यात आवरली. ट्यूटरला काय हवं ते कळतं आणि त्याला ठरवणं सोपं जातं. कंपनीत मशीन शुक्रवारी रवाना होणार असेल तर तिचं मॅन्युअलही शुक्रवारीच लागतं. तिथेही उशीर होणार असेल तर हेच आणि असंच कळवावं लागतं, म्हणून हा मेल लिहायला शिकणं मला कोर्सचाच भाग वाटतं. आणि ही सवलत एकदाच वापरा. मंगळवारी मी 8:10ला काम पाठवलं.

स्वयम किंवा कोर्सेरावर शिकत असाल तर

सगळ्यांना परदेशी कोर्सची फी परवडत नाही, आणि त्याची गरजही नसते. स्वयम या सरकारी संकेतस्थळावर एनपीटीईएल या आयआयटींच्या उपक्रमाचे लेखनकौशल्याचे कोर्स विनामूल्य शिकता येतात, फी फक्त परीक्षेला बसायचं असेल तर. तिथली रीत वेगळी आहे. 12 आठवड्यांच्या कोर्समध्ये सर्वांत चांगल्या 8 असाइनमेंट धरून त्यांना 25 टक्के, आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला 75 टक्के. प्रमाणपत्रासाठी 25 पैकी किमान 10 आणि 75 पैकी किमान 30 लागतात. चार असाइनमेंट सोडता येतात म्हणून पहिल्या चार सोडू नका. त्या चार जागा सणासाठी, आजारपणासाठी, ऑडिटसाठी शिल्लक ठेवा. आपापल्या सत्राचे नियम नोंदणीच्या वेळीच वाचून घ्या.

कोर्सेरावर स्वतःच्या गतीने शिकण्याचे जे कोर्स आहेत, त्यांत डेडलाइन हुकली तरी ती पुढे नेता येते. त्यामुळे तिथे धाक राहत नाही. गुगलचे टेक्निकल रायटिंगचे विनामूल्य कोर्स आहेत, त्यांना तर डेडलाइनच नाही. पाया म्हणून ते फार चांगले आहेत, मी आमच्या कोर्सच्या आधी तेच केले होते. पण तारीख नसेल तर एक माणूस शोधा, ज्याला दर शनिवारी रात्री 10ला तुमची फाइल जाईल. त्याने वाचली नाही तरी चालेल, पोचली का एवढं त्याने विचारायला हवं.

शनिवारी रात्री

दुरुस्त्या दुपारपर्यंत संपवायच्या. शेवटच्या वाचनात मी फक्त लांब वाक्यं शोधते. विमान उद्योगातून आलेल्या सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिशमध्ये कृती सांगणारं वाक्य 20 शब्दांच्या आत ठेवायचा नियम आहे, तो मी सगळीकडे लावते. त्याहून लांब दिसलं की तोडायचं. नवीन विचार सुचला तर तो वहीत, फाइलमध्ये नाही.

रात्री 9ला अपलोड. मग पोर्टलवरून तीच फाइल परत उतरवून घ्यायची आणि दुसऱ्या यंत्रावर उघडायची. मी नवऱ्याच्या मोबाइलवर उघडते, कारण त्यात माझे फोल्डर नाहीत, माझे फॉन्ट नाहीत. सगळी चित्रं दिसतात का, आतल्या लिंक चालतात का, पहिल्या पानावर आठवड्याचा क्रमांक बरोबर आहे का, हे बघायचं. पोचपावतीचा स्क्रीनशॉट काढून त्याच आठवड्याच्या फोल्डरमध्ये ठेवायचा. मग वहीतल्या त्या ओळीवर रेघ मारायची आणि खालच्या ओळीचा लाल रकाना बघायचा: पुढच्या आठवड्यात कोण लागणार आहे. त्याला रविवारी सकाळी फोन करायचा, जेवणाच्या आधी.